आत अकरा, बाहेर चाळीस

बऱ्हाणपुरात जानेवारीच्या रविवारी सकाळी मैदानावर जायचे तर मफलर घ्यावा लागतो. तापीकडून येणारा गारवा नऊ वाजेपर्यंत हटत नाही. अशाच एका सकाळी मी चौदा वर्षांखालच्या मुलांचा क्रिकेटचा सामना पाहायला गेलो होतो. पांढरे कपडे बहुतेकांच्या अंगावर मोठ्या भावाचे, पॅड बांधले की काही जण मांडीपर्यंत झाकले जात होते. बाउंड्री चुन्याची. त्या चुन्याच्या रेघेला बुटांची टोके लावून उभी असलेली मोठी माणसे मी सहज मोजली. चाळीस भरली. बाप, काका, मामा, दोन आया, शाल पांघरलेले एक आजोबा आणि दोन्ही संघांचे सर.

साडेदहाच्या सुमारास एक बारका मुलगा बॅटिंगला आला. त्याचे सर डावीकडून म्हणाले, "रुक के खेल, विकेट बचा." उजवीकडून बाप ओरडला, "काय करून राहिला तू? मार ना!" मुलाने आधी डावीकडे पाहिले, मग उजवीकडे. तोवर गोलंदाज निम्म्या रनअपवर आला होता. चेंडू कसाबसा बॅटीला लागून पॉइंटकडे गेला, समोरच्याने हाक दिली, आणि हा पोरगा धावायचे की नाही हे विचारायला बापाकडे पाहू लागला. अर्ध्या पिचवर तो रनआउट झाला.

अंपायर म्हणजे कॉलेजात जाणारा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, दिवसाच्या दोनशे-तीनशे रुपयांवर उभा राहिलेला. त्याने बोट वर केले. बापाने चुन्याची रेघ ओलांडली, तरातरा पिचपर्यंत गेला आणि त्या पोराच्या छातीला छाती भिडवून विचारले, "तेरे को दिखता है क्या?" मागून सरही आले, ते बापाच्या बाजूने. खेळ अकरा मिनिटे थांबला. एवढा वेळ तो आउट झालेला मुलगा बापाकडे पाठ करून उभा होता आणि बॅटीच्या ग्रिपचे रबर नखाने खरवडत होता. सामना संपल्यावर तो मोटारसायकलवर मागे बसला. बापलेकांच्या मध्ये किटबॅग होती.

या गावात असे काही रोज घडते असे नाही. पण महिनाभर रविवारी मैदानावर जाणाऱ्या कुणालाही हे ऐकून नवल वाटणार नाही. कबड्डीच्या मैदानावर हेच, बॅडमिंटनच्या हॉलमध्येही हेच, तिथे फक्त आवाज जास्त घुमतो. मी स्वतःही यातून सुटलेलो नाही. मुलीच्या खो-खोच्या सामन्यात ती खो मिळण्याआधीच उठली म्हणून पंचांनी शिट्टी वाजवली, तेव्हा मीही उभा राहून ओरडलो होतो. घरी आल्यावर ती भांडली नाही. पुढच्या सामन्याच्या आदल्या रात्री एवढेच म्हणाली, "बाबा, उद्या तुम्ही नका येऊ."

बाहेरून ओरडल्याने मुलाचे नेमके काय बिघडते, ते आधी पाहू. ताशी 80 किलोमीटर वेगाने आलेला चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटून बॅटीपर्यंत पोचायला साधारण पाऊण सेकंद घेतो. तेवढ्यात बॅट्समनला गोलंदाजाचे मनगट पाहायचे असते, टप्पा ओळखायचा असतो, पाय हलवायचा असतो. वीस वर्षे खेळलेल्या माणसाचे हे सगळे आपोआप होते, सायकल चालवण्यासारखे. बारा वर्षांच्या मुलाचे होत नाही. त्याला पुढचा पाय टाकायचा तो अजून विचार करून टाकावा लागतो. नवशिक्याचे डोके प्रत्येक हालचालीत गुंतलेले असते, त्यात एक सूचना बाहेरून आली की आतली एक सुटते. दोन परस्परविरुद्ध सूचना आल्या तर काय होते ते वर आलेच आहे. अगदी बरोबर असलेला सल्लाही त्या पाऊण सेकंदात नुकसानच करतो.

आता बाहेरच्या माणसाकडे वळू, कारण तो मुळात वाईट नसतो. रेघेवर ओरडणारा तो बाप मला नंतर चहाच्या टपरीवर भेटला. लूमवरची रात्रपाळी करून न झोपता तसाच आला होता, डोळे लाल. हजार कामे टाकून मुलासाठी मैदानावर येणारा बाप बेपर्वा कसा म्हणावा? त्याच्या शरीरातही काही घडत असते. 1994 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझील आणि इटली यांची गाठ पडली. तो सामना टीव्हीवर पाहणाऱ्या प्रेक्षकांच्या लाळेचे नमुने अमेरिकी संशोधकांनी सामन्याआधी व नंतर घेतले. जिंकलेल्या ब्राझीलच्या चाहत्यांमधले टेस्टोस्टेरॉन वाढले होते, इटलीच्या चाहत्यांचे घसरले होते. खुर्चीत बसून, हजारो मैलांवरच्या अनोळखी अकरा जणांसाठी ही अवस्था. मग आत स्वतःचे पोर असेल, आणि पंधरा पावलांवर शेजारचा, ज्याचे पोर चांगले खेळते आहे असा माणूस उभा असेल, तर काय होत असेल?

त्यात बऱ्हाणपूरची जागा अडचणीची. 2003 साली खंडव्यापासून वेगळा झालेला हा लहान मध्य प्रदेशातला जिल्हा. केळी, पॉवरलूम आणि जुन्या शहराची नावलौकिकाची मावा जिलेबी, हे सगळे आहे. पण मुलाने खेळात पुढे जायचे तर वाट इंदूरवरून जाते, आणि इंदूर इथून सुमारे 180 किलोमीटर. ट्रायलला जायचे म्हणजे पहाटेची बस, एका दिवसाची मजुरी बुडणे, किटचा खर्च. घरात मराठी, बाजारात हिंदी, नातेवाईक रावेर-जळगावकडे, असे इथले कितीतरी संसार. भुसावळचा चुलतभाऊ सांगतो की महाराष्ट्रात दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा असतात. मग प्रत्येक सामना म्हणजे ट्रायल, आणि प्रत्येक अंपायर म्हणजे आपल्या नोकरीच्या अर्जावर लाल शाई मारणारा कारकून. हा हिशेब कुठवर जातो ते महाराष्ट्राने पाहिले आहे. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळाची बोगस प्रमाणपत्रे काढून सरकारी नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे तिकडे गाजली. ज्यावर उडी मारायची ते साधन ज्यांनी कधी पाहिलेही नसेल, असे 'खेळाडू'.

या हिशेबातला सगळ्यात सभ्य दिसणारा गैरप्रकार म्हणजे खोटी जन्मतारीख. त्यात आरडाओरडा नाही, धक्काबुक्की नाही, एका कागदावरचा एक आकडा. त्याबद्दल सगळ्यात खणखणीत बोलला तो मध्य प्रदेशातच, इंदूरमध्ये, मराठी घरात जन्मलेला माणूस. 1 डिसेंबर 2015 रोजी दिल्लीत मन्सूर अली खान पतौडी स्मृती व्याख्यान देताना राहुल द्रविडने वयचोरीला विषारी म्हटले आणि तिची तुलना थेट मॅच फिक्सिंगशी केली. त्याचा मुद्दा साधा होता. वय कमी दाखवून निवडला गेलेला मुलगा गुणी असतोच असे नाही, तो फक्त थोराड असतो. त्याच्यामुळे खऱ्या वयाचा एक मुलगा बाहेर बसतो. आणि आपल्याच आईबापाने, आपल्याच सरांनी केलेली लबाडी मूल पहिल्यांदा अगदी जवळून पाहते.

यावर क्रिकेट मंडळाचा उपाय एक्स-रेचा. सोळा वर्षांखालच्या स्पर्धांसाठी मुलाच्या डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतात. वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी कूर्चेची पट्टी असते. एक्स-रेत ती मोकळ्या फटीसारखी दिसते आणि वाढ पुरी होत आली की बुजत जाते. मनगट, हात आणि बोटे यांतल्या ठरावीक हाडांची अवस्था पाहून गुण देतात, त्यांची बेरीज करून हाडांचे वय काढतात. टॅनर आणि व्हाइटहाउस यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. ती जन्मतारीख सांगत नाही. एखादा मुलगा मुळातच लवकर वाढणारा असला तर त्याचे हाड वर्षभर पुढे असू शकते, आणि खरे वय असूनही तो बाद ठरतो. म्हणजे बापांच्या लबाडीची किंमत कधीकधी प्रामाणिक बापाचा मुलगा भरतो. 2020 साली मंडळाने एक दार उघडले: स्वतःहून खरी तारीख सांगा, कारवाई होणार नाही. लपवलेत आणि सापडलात तर दोन वर्षे बंदी.

हे आपल्याकडेच होते अशा समजुतीत राहू नये. 2001 साली अमेरिकेत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या बेसबॉल स्पर्धेत डॅनी अल्मोन्टे नावाच्या पोराने सगळ्यांना थक्क केले. एका सामन्यात तर त्याने समोरच्या एकालाही पहिल्या बेसवर पोचू दिले नाही. नंतर कळले की तो चौदा वर्षांचा होता आणि बापाने खोटा जन्मदाखला केला होता. बाप आणि संघाचा संस्थापक या दोघांवर जन्मभराची बंदी आली. मुलाचा यात वापर झाला, असे स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेने स्पष्ट म्हटले.

इथवर जे आले ते उघड चुकीचे आहे, त्यावर वाद नाही. पण प्रौढांच्या वागण्याचा एक नमुना असा आहे की त्याला आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जानेवारी 2016, कल्याण. सोळा वर्षांखालच्या मुलांची भंडारी करंडक स्पर्धा. प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने नाबाद 1009 धावा केल्या, त्यात 129 चौकार आणि 59 षटकार. पहिल्या दिवसअखेर तो 652 वर नाबाद होता आणि 1899 पासून टिकलेला इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्सचा 628 चा विक्रम मोडला गेला होता. त्याच्या के. सी. गांधी शाळेने 3 बाद 1465 वर डाव सोडला. जगभर बातमी झाली, रिक्षा चालवणाऱ्या बापाचा मुलगा म्हणून कौतुक झाले, आणि ते कौतुक खरेच होते. उन्हात दोन दिवस उभे राहून हजार धावा काढणे म्हणजे गंमत नव्हे.

आता तोच सामना दुसऱ्या बाजूने पाहा. समोर आर्य गुरुकुल शाळा. दहावीच्या परीक्षेची तयारी म्हणून त्यांची मोठी मुले आली नव्हती. संघ भरायला बारा-तेरा वर्षांची पोरे उभी केली होती, आणि त्यातले काही जण लेदर बॉलने पहिल्यांदाच खेळत होते. मैदानाची एक बाजू अगदी जवळ. वीसेक झेल सुटले, असे त्या वेळी छापून आले. पहिल्या डावात ही मुले 31 धावांत बाद झाली, दुसऱ्या डावात 52. हरली ती एक डाव आणि 1382 धावांनी. पहिल्या दिवशी संध्याकाळी संघाची धावसंख्या हजाराच्या आसपास असताना कोणी मोठा माणूस म्हणू शकला असता की पुरे झाले आता. सामना केव्हाच संपला होता. दोन्ही बाजूंचे प्रशिक्षक तिथे होते, आयोजक होते, दुसऱ्या दिवशी तर कॅमेरेही आले. डाव सोडावा असे कोणालाच वाटले नाही. कोणी कोणाला शिवी दिली नाही, कोणी रेघ ओलांडली नाही. पण ती बारा वर्षांची पोरे दुसऱ्या दिवशीही त्याच मैदानावर तोच चेंडू आणायला पळत होती, याला मी तरी चांगले वागणे म्हणणार नाही.

त्याच्या अठ्ठावीस वर्षे आधीचा एक प्रसंग याच्या शेजारी ठेवून पाहतो. फेब्रुवारी 1988, मुंबईचे आझाद मैदान, शाळांच्या हॅरिस शील्ड स्पर्धेचा उपांत्य सामना. शारदाश्रमचे सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी सेंट झेवियर्सविरुद्ध 664 धावांची अभंग भागी करत होते. त्यांचे प्रशिक्षक आचरेकर सर मैदानावर नव्हते. त्यांचे सहायक लक्ष्मण चव्हाण बाउंड्रीवरून डाव सोडा म्हणून खुणा करून आणि ओरडून दमले, आणि ही दोन पोरे ऐकू न आल्याचा बहाणा करत राहिली. जेवणाच्या सुट्टीत आचरेकरांशी फोनवर बोलणे झाले. कांबळी 349 वर होता, एक धाव हवी म्हणाला. सरांनी तीही दिली नाही. 2 बाद 748 वर डाव सोडला. इथे पोरे हावरी होती आणि मोठा माणूस थांबवत होता. कल्याणला थांबवणारे कोणी नव्हते, एवढाच फरक.

प्रणवची पुढची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यात एक चांगला बाप आहे. मुंबई क्रिकेट संघटनेने त्याला दरमहा दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. पुढच्या दीड वर्षात मुलाचा खेळ खाली गेला, अपेक्षांचे ओझे त्याला पेलेना. 2017 साली त्याचे वडील प्रशांत धनावडे यांनी संघटनेला पत्र लिहून कळवले की मुलाचा खेळ सध्या तसा नाही, तेव्हा शिष्यवृत्ती थांबवावी. रिक्षा चालवणाऱ्या माणसाने महिन्याचे दहा हजार रुपये सोडले. हजार धावांची बातमी पहिल्या पानावर आली होती, ही आतल्या पानांत कुठेतरी.

आचरेकरांचे नाव निघाले की मैदानावरचा प्रत्येक सर त्या थपडेचा दाखला देतो. सरांनी लावून दिलेला सराव सामना सोडून सचिन वानखेडेवर शाळेच्या मोठ्या मुलांचा सामना पाहायला गेला. सरांनी तिथेच गाठले, एक ठेवून दिली, हातातला डबा उडाला. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवू नकोस, लोकांनी तुझ्यासाठी वाजवाव्यात असे खेळ, असे बजावले. सचिनने स्वतः ही गोष्ट कृतज्ञतेने सांगितली आहे, तेव्हा तिच्यावर मी कोण बोलणार? पण शिवाजी पार्कात स्टंपवर एक रुपया ठेवून, दिवसभर बाद न झालेल्या पोराला ते नाणे बक्षीस देणारेही आचरेकरच होते. त्या नाण्याचे अनुकरण करणारे सर मी फार पाहिले नाहीत, थपडेचे मात्र पाहिले. शिवाय थप्पड खाऊन सचिन झालेला माणूस मुलाखत देतो. थप्पड खाऊन खेळ सोडलेल्यांच्या घरी कोणी कॅमेरा नेत नाही. ते आज कुठेतरी दुकान सांभाळत असतात.

सोडून जाणाऱ्यांची मोजणी कोणी केली आहे का? केली आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल हे मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे शाळकरी मुलांच्या बेसबॉल मैदानांवर वही घेऊन बसले. सर काय बोलतात, कधी बोलतात, चूक झाल्यावर काय करतात, याच्या नोंदी त्यांनी घेतल्या. मग काही प्रशिक्षकांना थोड्या तासांचे एक शिबिर दिले. त्यातला मजकूर आपल्या आजीनेही सांगितला असता: चांगले केले की लगेच सांगा, चूक झाली की आधी धीर द्या आणि मग एकच सुधारणा सांगा, टोमणा मारू नका. 1992 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुढच्या हंगामाचा हिशेब आहे. शिबिर न केलेल्या प्रशिक्षकांच्या हाताखालची 26 टक्के मुले पुढच्या वर्षी परतली नाहीत. शिबिर केलेल्यांकडची 5 टक्के. सामने जिंकण्या-हरण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे ओरडणाऱ्या सरांचा संघ जास्त जिंकत नाही, त्याला फक्त दरवर्षी नवी पोरे शोधावी लागतात.

द्रविडने त्याच व्याख्यानात आणखी एक दुखणे सांगितले होते. लहान मुलांच्या सामन्यात जिंकायच्या नादात दोन-तीन थोराड पोरेच सगळी बॅटिंग-बोलिंग करतात, बाकीची उन्हात उभी. भारत 'अ' आणि एकोणीस वर्षांखालचे संघ त्याच्या हाती असताना त्याने दौऱ्यावर नेलेल्या प्रत्येकाला खेळवण्याचा शिरस्ता ठेवला. बऱ्हाणपुरातल्या सामन्यात अकरापैकी चार मुलांनी ना बॅट धरली ना चेंडू टाकला. त्यांतल्या एकाची आई स्वेटर विणत बसली होती. सगळ्या मैदानात एक शब्द न बोललेली तीच.

वागणे बिघडत गेले तर शेवट कुठे होतो, ते थोडक्यात सांगतो, कारण ते वाचवत नाही. जुलै 2000 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये मुलांच्या आइस हॉकीच्या सरावातल्या धसमुसळेपणावरून दोन बापांचे भांडण झाले. थॉमस जुन्टाने मायकेल कॉस्टिनला मुलांदेखत इतके मारले की तो मेला. जुन्टाला सहा ते दहा वर्षांची शिक्षा झाली. फ्रान्समध्ये क्रिस्तोफ फोव्हिओ नावाचा बाप टेनिस खेळणाऱ्या आपल्या मुला-मुलीच्या प्रतिस्पर्ध्यांच्या पाण्यात गुंगीचे औषध मिसळत असे. त्यातला एक तरुण 2003 साली सामन्यानंतर गाडी चालवत घरी निघाला आणि अपघातात गेला. 2006 मध्ये फोव्हिओला आठ वर्षांची शिक्षा झाली. दोघेही आपापल्या मते मुलांसाठीच करत होते.

आपल्याकडे त्या टोकापर्यंत कोणी गेल्याचे ऐकले नाही म्हणून निश्चिंत होण्याचे कारण नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात निर्णय पटला नाही म्हणून एका नामवंत मल्लाने पंचाला लाथ मारली. त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. ती लाथ मोबाइलवर किती शाळकरी पोरांनी पाहिली असेल! जुन्या लोकांच्या आठवणीत जत्रेत मोठ्या कुस्त्यांआधी रेवड्यांच्या कुस्त्या लागत. पाच-सात वर्षांची पोरे मातीत लोळत, पंच दोघांचेही हात वर धरी आणि हरलेल्यालाही मूठभर रेवड्या मिळत. तिथे बाप ओरडत नसत असे नाही. पण हलगीच्या आवाजात कोणाला काही ऐकू जात नसे, हे पोरांचे भाग्य.

कायद्याचे म्हणाल तर तो आहे. शाळेत मुलाला मारणे किंवा मानसिक त्रास देणे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद केले आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याचे कलम 75 ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगते. 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेचा विषय क्रीडा संघटनांच्या दारात आणून ठेवला आहे. पण रविवारी सकाळी साडेदहाला, रनआउटवरून, कोणी कलम 75 लावत नाही. लावूही नये. तिथे दुसरे काहीतरी लागते.

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने 2008 साली ते दुसरे काहीतरी करून पाहिले, आणि ते हास्यास्पद वाटावे इतके साधे होते: दोरी. मैदानाच्या रेघेपासून काही फूट मागे दोरी बांधायची, आईबापांनी तिच्या मागे उभे राहायचे, आणि प्रशिक्षक उभे राहतील त्याच्या समोरच्या बाजूला. म्हणजे मुलाच्या दोन कानांत दोन माणसे नकोत. त्याआधी 1999 साली अमेरिकेतल्या ओहायोमध्ये मुलींच्या फुटबॉलचा एक रविवार मुका ठेवला गेला होता. ओरडणे नाही, सूचना तर नाहीतच. दोरीने सगळे भागले असे मात्र नाही. 2023 मध्ये इंग्लंडला गावपातळीवरच्या पंचांच्या छातीवर कॅमेरे बांधायची चाचणी करावी लागली. तरी माझे मत त्या दोरीच्या बाजूने आहे. चाळीस वर्षांच्या माणसाचा स्वभाव बदलायला आपल्याकडे वेळ नाही, त्याची उभी राहायची जागा पंधरा पावलांनी बदलता येते. रेघेला बूट टेकवून उभा असलेला माणूस अर्धा मैदानात आलेलाच असतो.

हे सगळे मी बऱ्हाणपुरातल्या त्या स्पर्धेच्या आयोजकांना टपरीवर सांगितले. गृहस्थ ऐकून हसले. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा बाउंड्रीच्या मागे पंधरा पावलांवर चुन्याची दुसरी रेघ होती, आणि माइकवरून सांगत होते की पालकांनी तिच्या मागे बसावे, सरांनी समोरच्या बाजूला. लोक कुरकुरत मागे सरले. तो बारका मुलगा सातव्या नंबरवर आला, नऊ चेंडू खेळला, चार धावा करून बोल्ड झाला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत नवी रेघ बुटांनी पुसली गेली होती. आयोजकांनी अर्धे पोते चुना आणवला आणि दुपारी ती पुन्हा मारून घेतली.